त्वचेच्या कर्करोगाचे पूर्वानुमान आणि दर्शक प्रथिने : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात

रोग कोणता, हा वैद्यकाचा पहिला प्रश्न. रोगी वाचेल काय, हा दुसरा. त्वचेच्या कर्करोगाबाबत या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली आणि नंतर रक्तातील प्रथिनांत शोधले गेले. हा शोध प्रामुख्याने गौरवर्णीय रुग्णांच्या आधारे झाला. चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत त्याची फलिते कितपत लागू पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

महाराष्ट्रातील त्वचेच्या कर्करोगाच्या इतिहासात सूर्यप्रकाशापेक्षा धोतराचा उल्लेख अधिक ठळक आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये सहलेखकासह ‘धोती कॅन्सर’चे वर्णन केले. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट कसलेल्या धोतराच्या घर्षणाने त्वचेचा रंग उडतो, ती जाड होते, व्रण पडतो आणि क्वचित त्याचे रूपांतर शल्कपेशी कर्करोगात होते. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही असेच रुग्ण आढळले. खानोलकरांचे कुष्ठरोगाच्या विकृतिशास्त्रातील कार्यही तितकेच महत्त्वाचे आहे.

कुष्ठरोगाचा संबंध या प्रदेशाशी थेट येतो. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये तत्कालीन चांदा जिल्ह्यातील वरोरा येथे महारोगी सेवा समिती स्थापन केली व त्यातून आनंदवन उभे राहिले. कुष्ठरोगात तळपाय बधिर होतो. काटा रुतला तरी कळत नाही आणि व्रण वर्षानुवर्षे भरत नाही. अशा जुनाट व्रणाच्या काठावर कर्करोग उद्भवू शकतो. फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन यांच्या नावाने तो ओळखला जातो. वाढलेले मांस व दुर्गंधी ही जुन्या व्रणाची नेहमीचीच लक्षणे समजली गेली, तर जांघेतील गाठी वाढेपर्यंत संशयही येत नाही.

पूर्वानुमानाच्या पाश्चात्त्य शास्त्राने मात्र आकार घेतला तो मुख्यतः मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाभोवती. अमेरिकेतील अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये गाठीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून तिचा रोगाच्या भवितव्याशी संबंध दाखविला. १९६५ मध्ये मेंदूच्या ऊतकातून वेगळे केलेले एस-१०० प्रथिन १९८० च्या सुमारास मेलॅनोमाच्या पेशींत आढळले. युरोपात रक्तातील त्याचे प्रमाण रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी वापरले जाऊ लागले. २००२ च्या अमेरिकन वर्गीकरणात दूरवर पसरलेल्या मेलॅनोमाची उपश्रेणी ठरविण्यासाठी लॅक्टेट डिहायड्रोजनेज या विकराची रक्तातील पातळी ग्राह्य धरली गेली. पातळी वाढलेली असल्यास भवितव्य प्रतिकूल, असा हा संकेत होय.

नेमका हाच संकेत या जिल्ह्यांत संदिग्ध ठरतो. मध्य भारतातील सिकलसेलचे अस्तित्व नागपूरच्या शुक्ल व सोलंकी यांनी १९५८ मध्ये नोंदविले होते. हा आजार चंद्रपूर-गडचिरोलीच्या आदिवासी व इतर समाजांत आढळतो. त्यात तांबड्या पेशी फुटतात व त्यांतील हेच विकर रक्तात मिसळते. हिवतापातही तसेच घडते, आणि गडचिरोलीत हिवतापाचे प्रमाण दीर्घकाळ मोठे राहिले आहे. सिकलसेलमध्ये घोट्याजवळ चिवट व्रणही होतात. म्हणजे ज्या रुग्णाच्या पायाकडे पाहून संशय घ्यावा, त्याच्या रक्तातील आकडा कर्करोगाविनाही वाढलेला असू शकतो.

शल्कपेशी कर्करोगात तर अशा कोणत्याही रक्तप्रथिनाला वर्गीकरणात स्थान मिळालेले नाही. तेथे ब्रॉडर्स यांनी १९२० मध्ये मांडलेली पेशींची प्रतवारी, गाठीची खोली आणि लसिका ग्रंथींची अवस्था हेच आधार आजही प्रमुख आहेत. त्यासाठी व्रणाच्या काठाचा तुकडा वेळेवर काढणारा हात व तो तपासणारा विकृतिशास्त्रज्ञ लागतो. नागपूरला वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये निघाले. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०१५ मध्ये, महारोगी सेवा समितीच्या स्थापनेनंतर सहासष्ट वर्षांनी.