बंद पडलेली जावा : एका यंत्राचे वाचन

१/ म्हैसूरचा आयडियल जावा हा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. तरीही तेथे घडलेल्या दुचाक्या आजही पुन्हा सुरू होतात. काही तर वीस-तीस वर्षे अडगळीत पडून राहिल्यानंतर. हे कशामुळे शक्य होते, आणि अशी गाडी जिवंत करताना इतिहासाचे काय होते, याविषयी हा धागा.

२/ प्रथम नावाची उकल. प्रागमधील शस्त्रनिर्माते फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये वांडरर या जर्मन कंपनीचा मोटरसायकल विभाग विकत घेतला. ‘यानेचेक’ आणि ‘वांडरर’ यांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव तयार झाले. इंडोनेशियातील बेटाशी त्याचा काहीही संबंध नाही.

३/ भारतात ही गाडी प्रथम आयात होऊन आली. पुढे आयातीवरील निर्बंध कडक झाले आणि देशातच उत्पादन करण्यावाचून मार्ग उरला नाही. रुस्तम इराणी व फारुख इराणी यांनी चेक कंपनीशी परवाना-करार करून म्हैसूरला कारखाना उभारला. १९६१ पासून तेथे जावा २५० तयार होऊ लागली. १९७३ नंतर तोच वारसा ‘येझदी’ या नावाने पुढे चालला.

४/ या गाडीचे यंत्र कमालीचे साधे आहे. एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. किक व गिअर यांसाठी एकच दांडी : किक मारून झाली की तीच पुढे वळवायची आणि तिनेच गिअर टाकायचे. टू-स्ट्रोक असल्यामुळे व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. इंजिनासाठी वेगळी वंगणव्यवस्था नाही. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे, लिटरमागे सुमारे ४० मिलिलिटर. परक्या देशातील हे यंत्र आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीला आपलेसे वाटले, ते या साधेपणामुळे.

५/ दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीत नेमके काय बिघडते? टाकीला आतून गंज चढतो. कार्बोरेटरमधले पेट्रोल उडून जाते आणि मागे उरलेला चिकट थर जेटचे बारीक छिद्र बुजवतो. इग्निशनच्या पॉइंटवर मळ धरतो व ठिणगी मिळेनाशी होते. दमट हवेत पिस्टन सिलिंडरला धरून बसतो, म्हणजेच इंजिन जाम होते.

६/ सर्वांत फसवा दोष मात्र बाहेरून दिसत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल व हवेचे मिश्रण आधी क्रँकच्या पोकळीत येते आणि तेथून सिलिंडरमध्ये चढते. ही पोकळी हवाबंद ठेवणारे ऑइल सील वर्षानुवर्षांत कडक होतात. डायनामोच्या बाजूचा सील गेला तर बाहेरची हवा आत शिरते आणि इंजिन भलतेच तापते. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअरबॉक्समधले तेल ओढले जाते आणि धूर थांबत नाही.

७/ म्हणून जाणता मिस्त्री आल्याआल्या किक मारत नाही. तो प्लग काढतो, सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडतो आणि एक-दोन दिवस वाट पाहतो. मग क्रँक हाताने हळूहळू हलवून पाहतो. जाम पिस्टनवर जोर केला तर रिंगा तुटतात, सिलिंडरला ओरखडे पडतात. टाकी धुणे, जेट मोकळे करणे, पॉइंट घासून त्यातले अंतर जुळवणे आणि सील बदलणे ही कामे यानंतरची.

८/ आता इतिहासाच्या विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न. कारखाना गेला, तेव्हा हे ज्ञान टिकले कोठे? उत्तर गॅरेजमध्ये सापडते. कोणता सील कोणत्या दुसऱ्या गाडीचा बसतो, कोणत्या आवाजाचा अर्थ काय, हे मिस्त्रीकडून हाताखालच्या पोराकडे गेले. आपण ज्याला दफ्तर म्हणतो, ते येथे तेलकट हातांत आहे. त्याची नक्कल कोणी करून ठेवलेली नाही.

९/ दुसरे दफ्तर म्हणजे ती गाडी स्वतः. टाकीवरचा मूळ रंग, मागाहून बसवलेले कॅरिअर, पितळी डाग देऊन सांधलेला पत्रा, नंबरप्लेटवरची हाताने रंगवलेली अक्षरे : टंचाईच्या काळात माणसे वस्तू कशी वापरत आणि कशी टिकवत, याचे हे पुरावे आहेत. ‘नव्यासारखी’ करण्याच्या हौसेत हेच सर्वप्रथम भंगारात जातात. नवा क्रोम चकाकतो, पण तो गाडीच्या आयुष्याविषयी काहीच सांगत नाही.

१०/ गाडी चालूच करू नये, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. सील, रिंगा, टायर, वायरिंग हे बदललेच पाहिजे. तेथे जुनेपणाचा हट्ट जिवावर बेतेल. परंतु पोथीचा संपादक जसा मूळ पाठ आणि स्वतःची दुरुस्ती वेगळी दाखवतो, तसे येथेही करता येते. काम सुरू करण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून ठेवावा, आणि काय बदलले, का बदलले, हे वहीत लिहावे.

११/ यास कायद्याचीही एक बाजू आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली वा तांत्रिक संशोधन यांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नव्हे. १९७३ पर्यंतच्या म्हैसुरी जावांनी पन्नाशी गाठलेली आहे. तेव्हा मूळ भाग फेकण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

१२/ आपल्या घरी, आजोळी, शेतावरच्या खोलीत अशी एखादी जावा वा येझदी उभी असेल, तर तिचे आर.सी. बुक शोधा, चासी व इंजिनाचे क्रमांक टिपून घ्या. आणि तिची देखभाल करणारे मिस्त्रीकाका अद्याप असतील, तर गाडीच्या आधी त्यांच्याकडे जा. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. सील बाजारात आजही मिळतो. त्यांच्या स्मरणात जे आहे ते एकदा गेले की कोठेही मिळणार नाही.