आधी उंदीर पडले

साथरोगशास्त्राची पदवी घेऊन जेमतेम वर्ष झालंय ना तुम्हाला? मग लॅपटॉप ठेवा खाली, नुसती वही घ्या आणि डोळे मिटा.

आता उघडा. 1897 सालचा फाल्गुन, पुण्यात प्लेगची साथ. हडपसरजवळचा ससाणे मळा. ऊन मानेवर चटके देतंय. नाकात कडुनिंबाचा धूर, त्यात कार्बोलिकचा उग्र दर्प. भांडीकुंडी, शेळ्या, पोरंबाळं घेऊन माणसं उघड्या माळावर राहायला आलीत. बैलगाडी येते, आजारी माणूस उतरवते, धुरळा उडवत परत वळते. सगळीकडे कण्हणं, खोकणं, नावानं मारलेल्या हाका. इथंच डॉ. यशवंत फुले यांचा दवाखाना आहे.

तुम्ही कामाला लागा. झोपडीच्या दाराशी वाका. घरात माणसं किती? ताप कधी भरला? गाठ काखेत की जांघेत? कोपऱ्यातली म्हातारी आधी बोलतच नाही. तुम्ही मातीतच बसता, तेव्हा हळूच म्हणते, “आधी आढ्यावरनं उंदीर पडले, बाबा. मग सून पडली.”

लिहून घ्या. आधी उंदीर, मग माणूस. तिनं क्रम सांगितलाय तुम्हाला!

तेवढ्यात घोट्याला काहीतरी चावतं. पिसू. अंगावर सर्रकन काटा येतो, कारण तुम्हाला ठाऊक आहे. इथं अजून कुणालाच नाही. संशोधक पॉल-लुई सिमाँ कराचीत उंदीर आणि माणूस यांच्यामधला पिसवेचा दुवा पकडतील ते पुढच्या वर्षी, 1898 मध्ये. रोग मारणारं औषधही नाही. आहे ती मोकळी हवा, घोटभर पाणी आणि उशाशी बसणारं माणूस.

गलका होतो. मुंढव्याच्या महारवाड्यातून डॉ. यशवंत यांच्या आई, सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई फुले येताहेत. पाठीवर पांडुरंग गायकवाड हा तापलेला मुलगा. पुढं व्हा, त्याला उतरवून घ्या. अंग तव्यासारखं भाजतंय, ओठ सुकलेत, मान तुमच्या खांद्यावर कलंडते. वहीतली एक ओळ तुमच्या हातात श्वास घेतेय.

बस्स, परत या.

मुलांना उचलून आणणाऱ्या सावित्रीबाई 10 मार्च 1897 रोजी त्याच प्लेगनं गेल्या. उद्या पुण्यातल्या कुठल्याही वस्तीत पाहणीला जाल, तेव्हा पहिल्या दाराशी बसा आणि विचारा, “आजी, आधी काय झालं?”