झरी जामणीचा आकडा शून्य का होतो?

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. त्यांची नावे व आकडे युनिक्स किंवा लिनक्स संगणकावर स्तंभांत मांडायचे झाल्यास ‘कॉलम’ ही आज्ञा पुरेशी ठरते. बर्कलेच्या युनिक्समधून १९९० मध्ये आलेल्या या आज्ञेला ‘टी’ हा पर्याय जोडला, की ती आधी संपूर्ण यादी वाचते, प्रत्येक स्तंभातील सर्वांत लांब नोंद शोधते आणि आखूड नोंदींपुढे मोकळी जागा भरते.

अडचण येते ती झरी जामणीपाशी. वेगळे काही न सांगितल्यास मोकळी जागा हीच स्तंभाची सीमा मानली जाते. परिणामी ‘झरी’ पहिल्या स्तंभात, ‘जामणी’ दुसऱ्यात आणि आकडा तिसऱ्यात जातो. पडद्यावर हे निदान दिसते तरी. मात्र ‘ऑक’ या भाषेकडे दुसऱ्या स्तंभाची बेरीज मागितल्यास ती ‘जामणी’ या शब्दाचे मूल्य शून्य धरते आणि कोणताही इशारा न देता बेरीज छापते. यादी मदतवाटपाची असेल, तर आख्खा तालुका हिशेबातून गळतो! देवनागरीत लिहिलेल्या आकड्यांचेही तेच होते. त्यांचेही मूल्य शून्यच.

स्वल्पविराम ही सीमा ठरवावी, तर २०११ च्या जनगणनेतील जिल्ह्याची लोकसंख्या, २७,७२,३४८, तीन स्तंभांत विखुरते. त्यामुळे टॅब किंवा उभी रेघ हीच सीमा बरी. ती ‘कॉलम’ला ‘एस’ पर्यायाने, तर ‘ऑक’ला मोठ्या ‘एफ’ने सांगावी लागते.

मराठीची आणखी एक गोम आहे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसह, ३ बाइट्स घेते. ‘यवतमाळ’ १८ बाइट्सचे, ‘वणी’ ९ बाइट्सचे. ‘बॅश’मधील ‘प्रिंटफ’ रुंदी बाइट्समध्ये मोजते. तिला २० ही रुंदी दिल्यास यवतमाळपुढे २ आणि वणीपुढे ११ मोकळ्या जागा पडतात. आकडे काही एका रेषेत येत नाहीत. ‘ऑक’च्या तीन जनकांपैकी एक असलेल्या ब्रायन कर्निगन यांनी वयाच्या ऐंशीव्या वर्षी, २०२२ मध्ये, मूळ ‘ऑक’ला युनिकोडची जाण दिली. तरीही काना, वेलांटी व जोडाक्षरे पडद्यावर किती जागा घेतील, हे फाँटवर अवलंबून राहते.

म्हणून आकडे इंग्रजी अंकांत, स्वल्पविराम न देता प्रथम लिहावेत आणि तालुक्याचे नाव ओळीच्या शेवटी ठेवावे. मग नाव कितीही लांबो, वा दोन शब्दांचे असो, बेरीज पहिल्या स्तंभाची होते.