टायबर, गोदावरी आणि कावेरी

हेब्बाळमधील मराठी घरांत एक जुनी रीत अद्याप कोठे कोठे टिकून आहे. घरातील वडीलधारी मंडळी स्नानाचा पहिला तांब्या अंगावर घेण्यापूर्वी गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी या सात नद्यांना त्या पाण्यात येण्याचे आवाहन करतात. नाशिकला किंवा वाईला जन्म गेलेल्या माणसाच्या मनात अशा वेळी सहज येते की, तिकडे नदी दाराशी होती, येथे तिचे नाव तेवढे उरले. वस्तुतः त्या सातांपैकी एक नदी आपल्यापैकी अनेकांच्या घरी नळातून येत असते. १९७४ साली कावेरी योजनेचा पहिला टप्पा पुरा झाला आणि तेव्हापासून सुमारे १०० किलोमीटरांवरील तोरेकाडनहळ्ळीहून कावेरीचे पाणी उपसून बंगळुरास आणले जात आहे.

नदी प्रथम लोकांची अन्नदात्री असते, मग माता व दैवत होते, आणि अखेर त्या लोकांची ओळखच होऊन बसते. येथे एक प्रश्न उद्भवतो. जो त्या नदीला दैवत मानीत नाही, तो त्या लोकांपैकी आहे की नाही? हा प्रश्न फार जुना आहे. रोमन साम्राज्यात दुसऱ्या शतकात त्याचे उत्तर देण्याची पाळी एका लहानशा, सर्वांच्या संशयास पात्र झालेल्या समाजावर आली होती. तो समाज म्हणजे आरंभीचे ख्रिस्ती लोक.

रोमची जन्मकथाच टायबर नदीपासून सुरू होते. रोम्युलस आणि रीमस ही जुळी अर्भके त्या नदीत सोडून देण्यात आली आणि तरली, असे रोमन लोक सांगत. टायबरला ते पिता म्हणून वंदन करीत. इजिप्तची शेती नाईलच्या पुरावर चाले आणि इजिप्तच्या धान्यावर रोमचे पोट भरे. साहजिकच, नदी कोपली की कोणीतरी देवांचा अपराध केला असला पाहिजे, असा समज होई. आणि देवांना न मानणारे ख्रिस्ती तर समोरच दिसत.

उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथील टर्टुलियन याने इ. स. १९७ च्या सुमारास ‘अपॉलॉजेटिकम’ हा ग्रंथ लिहिला. या नावात क्षमायाचना नाही. न्यायासनापुढे केलेला बचाव, असा त्याचा अर्थ. टर्टुलियन उपरोधाने म्हणतो की, टायबर तटापर्यंत चढली वा नाईल शेतापर्यंत पोहोचली नाही, की लगेच ख्रिस्त्यांना सिंहापुढे टाकण्याची आरोळी उठते. मग ख्रिस्ताच्या जन्मापूर्वी पूर आणि भूकंप कोणाच्या पापाने झाले, असा त्याचा सवाल आहे. पुढे तो जे सांगतो ते आपल्याला विशेष वाटावे. आम्ही काही हिंदुस्थानातील ब्राह्मणांसारखे किंवा दिगंबर तपस्व्यांसारखे अरण्यवासी नव्हे. तुमच्याच बाजारात, तुमच्याच स्नानगृहांत, तुमच्याच नौकांतून आम्ही वावरतो, असे तो लिहितो. थोडक्यात, नागरिकाची परीक्षा त्याच्या वर्तनावरून व्हावी, पूजेवरून नव्हे. बाप्तिस्म्यावरील दुसऱ्या एका ग्रंथात तर त्याने, योहानाने जॉर्डन नदीत ज्यांना स्नान घातले आणि पेत्राने टायबरमध्ये ज्यांना घातले, त्यांच्यात काहीच भेद नाही, असे स्पष्ट म्हटले आहे.

हा युक्तिवाद दुर्बळांचा होता. त्याच धर्माचे अनुयायी सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेच्या बळावर गोव्यात आले, तेव्हा पारडे उलटे झाले होते. साष्टीतील देवळे पाडण्यात आली. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर बोलणी करण्यासाठी बोलावलेल्या गावप्रमुखांना असोळणा येथील किल्ल्यात ठार करण्यात आले. ज्यांच्या पूर्वजांनी एके काळी वर्तनाची कसोटी मागितली होती, त्यांनीच आता पूजेची कसोटी लावली.

याच साष्टीत थॉमस स्टीफन्स हा १५७९ साली गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट पाद्री राहत होता. नवख्रिस्ती ब्राह्मण त्याला विचारू लागले की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्ही वाचावे काय? त्याने उत्तर म्हणून सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले. झुआरीकाठच्या रायतूर येथे ते १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. शंका आणि समाधान या रूपाने त्यात धर्माचे मंडन आहे. पण ओवीची चाल आपली, स्वर्गाचे नाव वैकुंठ. पुढे गोव्याहून दक्षिणेस मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत हे पुराण पिढ्यान् पिढ्या वाचले गेले, आणि १९०७ साली मंगळुरासच जे. एल. साल्ढाणा यांनी त्याची आवृत्ती काढली. त्या कुटुंबांनी गाव सोडले, नदी सोडली, त्यापूर्वीच धर्मही बदलला होता. ओवी मात्र बरोबर नेली.

असेच दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. १८६८ साली नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूर येथे त्यांचा जन्म झाला. वडिलांचे सोवळे इतके कडक की, घरात येणारी जिन्नस पाण्याने शुद्ध केल्यावाचून घ्यावयाची नाही. पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा बाई दुःखाने वेगळ्या राहिल्या. १९०० साली त्यांनी स्वतः तो धर्म स्वीकारला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना, ही बाई आपली नव्हे, असे कोणत्या मराठी वाचकाला वाटले आहे?

हा इतिहास आज सांगण्यास कारण आहे. डिसेंबर १९९१ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०१६ मध्ये कावेरीच्या पाण्याच्या तंट्यावरून या शहरात हिंसाचार झाला आणि तमिळभाषकांना त्याची झळ लागली. कावेरी या राज्याची माता आहे आणि पाणी कमी पडले की शेतकऱ्याच्या पोटात कालवाकालव होते, हे खरेच. परंतु नदीच्या ओढीचा दोष शेजाऱ्याच्या माथी मारणे हा टायबरकाठचाच जुना अन्याय होय. आपणही येथे परभाषी आहोत. त्या दिवसांत आपल्या दारांनाही कडी होती, हे विसरू नये.

आपल्या मंडळास पन्नास वर्षे पूर्ण होत असताना गोदावरीची आठवण आपण अवश्य जपावी. ओवी, अभंग, स्नानाचा श्लोक हे आपले धन मुलांच्या हाती द्यावे. त्याबरोबर हेही सांगावे की, त्या श्लोकात गोदावरी आणि कावेरी एकाच तांब्यात नांदतात. ज्या नदीचे पाणी आपण पितो तिचे आपण ऋणी आहोत. ते ऋण येथील भाषा शिकून, शेजारधर्म पाळून आणि पाणी जपून वापरून फेडावयाचे आहे.