लशींचा साठा मोबाइलवर कसा दिसतो? समजून घ्या क्लाऊडवर चालणारं 'ई-विन'

दीड महिन्याच्या बाळाला घेऊन आई लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात येते. त्यासाठी तिने त्या दिवसाची मजुरी सोडलेली असते. "आज लस संपली, पुढच्या वेळी या," असं उत्तर मिळालं, तर ती पुन्हा येईलच याची खात्री नसते. त्याच वेळी शेजारच्या तालुक्यातल्या केंद्रात तीच लस गरजेपेक्षा जास्त पडून असू शकते आणि तिची मुदतही संपत आलेली असू शकते.

म्हणजे लस देशात असते, जिल्ह्यातही असते. पण ती नेमकी कुठे आणि किती आहे, हे ज्याला कळायला हवं त्याला वेळेत कळत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी भारताने क्लाऊड कम्प्युटिंगचा आधार घेतला. त्या यंत्रणेचं नाव आहे इलेक्ट्रॉनिक व्हॅक्सिन इंटेलिजन्स नेटवर्क, म्हणजेच 'ई-विन'.

लशीचा प्रवास एवढा नाजूक का?

भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाखाली दरवर्षी अडीच कोटींहून अधिक नवजात बाळांपर्यंत मोफत लस पोहोचवायची असते. कारखान्यातून निघालेली लस आधी मोठ्या भांडारांत जाते. केंद्र सरकारची अशी भांडारं कर्नाल, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता इथे आहेत. पुढे राज्य, विभाग आणि जिल्हा असे टप्पे पार करत ती प्राथमिक आरोग्य केंद्रात येते. तिथून आरोग्य सेविका व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये बर्फाच्या पॅकसोबत ती गावात नेते.

या सगळ्या प्रवासाला शीतसाखळी म्हणतात. बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. लस गरम झाली तर खराब होते, हे अनेकांना माहीत असतं. पण काही लशी गोठल्या तरी निकामी होतात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळांना दिली जाणारी पेंटाव्हॅलंट लस त्यांपैकीच एक. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब या ५ आजारांपासून ती संरक्षण देते.

लशीच्या बाटलीवर रंग बदलणारी एक खूण असते. तिला व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर म्हणतात. लशीला किती उष्णता लागली, हे त्यावरून समजतं. पण लस गोठून गेली होती का, हे ती खूण सांगत नाही. त्यामुळे फ्रिजचं तापमान रात्री २ वाजता किती होतं, हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो.

आधी काय अडचण होती?

आरोग्य केंद्रात लस आईस लाइन्ड रेफ्रिजरेटरमध्ये ठेवतात. कर्मचारी त्याला 'आयएलआर' म्हणतात. त्याचं तापमान दिवसातून दोनदा पाहून वहीत लिहायचं, अशी पद्धत आहे. पण दोन नोंदींच्या मधल्या वेळेत काय झालं, हे वहीतून कळत नाही.

साठ्याचंही तसंच होतं. नोंदवहीतले आकडे महिन्याच्या अहवालात जायचे आणि तिथून तालुका, जिल्हा व राज्याकडे. आकडा वर पोहोचेपर्यंत खालची परिस्थिती बदललेली असायची.

क्लाऊड म्हणजे नेमकं काय?

क्लाऊड हा शब्द हवेतला वाटला तरी ही गोष्ट जमिनीवरच असते. मोठ्या इमारतींमध्ये हजारो सर्व्हर ठेवलेले असतात. त्यांना डेटा सेंटर म्हणतात. नवी मुंबईत अशी अनेक डेटा सेंटर आहेत. इंटरनेटच्या मदतीने या सर्व्हरवरची जागा आणि ताकद गरजेनुसार वापरायची, याला क्लाऊड कम्प्युटिंग म्हणतात.

पुरवठा साखळीसाठी याचे दोन मोठे फायदे आहेत. पहिला म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात वेगळा सर्व्हर बसवून सांभाळावा लागत नाही. साधा स्मार्टफोन आणि नेटवर्क पुरतं. दुसरा फायदा अधिक महत्त्वाचा आहे. सगळ्यांची नोंद एकाच ठिकाणी होत असल्याने केंद्रातला कर्मचारी, जिल्ह्याचा अधिकारी आणि दिल्लीतलं मंत्रालय एकाच वेळी एकच आकडा पाहू शकतात.

ई-विन काम कसं करतं?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली ही यंत्रणा राबवली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने म्हणजे यूएनडीपीने त्यासाठी साह्य केलं. २०१५ मध्ये उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान यांच्यासह १२ राज्यांपासून सुरुवात झाली. यंत्रणेचे तीन मुख्य भाग आहेत.

१. मोबाइल अॅप: लशींचा साठा सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला स्मार्टफोन दिला जातो. लसीकरणाचा दिवस संपला की कोणती लस किती वापरली, हे तो आधी ठरावीक नमुन्याच्या नोंदवहीत लिहितो आणि मग अॅपमध्ये भरतो.

२. तापमान नोंदवणारं यंत्र: फ्रिजमध्ये सेन्सर असतो आणि त्याला जोडलेल्या यंत्रात सिम कार्ड असतं. दर १० मिनिटांनी तापमान नोंदलं जातं आणि दर तासाला ते सर्व्हरवर पाठवलं जातं. तापमान मर्यादेबाहेर गेलं की यंत्राचा अलार्म वाजतो. तंत्रज्ञ आणि अधिकाऱ्यांना एसएमएस व ईमेल जातो.

३. माणसं: जिल्हा पातळीवर यासाठी व्यवस्थापक नेमले जातात. कुठे साठा कमी झाला, कुठे मुदत संपत आली, कुठला फ्रिज सारखा बिघडतो, हे पाहून पुढची पावलं उचलणं हे त्यांचं काम.

फरक काय पडला?

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये दिलेल्या माहितीनुसार, तोपर्यंत ई-विन ३२ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत पोहोचलं होतं. केंद्रांमध्ये लस संपण्याचे प्रकार ८० टक्क्यांनी कमी झाले आणि साठा पुन्हा भरायला लागणारा वेळ सरासरी निम्म्याहून अधिक घटला, असंही सरकारने म्हटलं होतं.

हे आकडे सरकारचे आहेत. पण साठा सगळ्यांना दिसू लागला की असा बदल का होऊ शकतो, याचं उत्तर पुरवठा साखळीच्या अभ्यासात सापडतं.

साठा दिसला की मागणी का बदलते?

माल वेळेवर येईल याची खात्री नसेल, तर प्रत्येक जण थोडा जास्तच मागवतो. दुकानदार जास्त मागवतो, त्याचा वितरक त्याहून जास्त आणि कंपनी त्याहूनही जास्त माल बनवते. या प्रकाराला 'बुलव्हिप इफेक्ट' म्हणतात. बुलव्हिप म्हणजे चाबूक. मूठ जराशी हलवली तरी चाबकाचं टोक जोरात फटकारतं, तसंच इथेही होतं. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या डायपरचं उदाहरण यासाठी नेहमी दिलं जातं. बाळांचा डायपरचा वापर जवळपास स्थिर असतो, तरीही वितरकांच्या मागणीत मोठे चढउतार होत असल्याचं कंपनीच्या लक्षात आलं होतं.

लशींच्या बाबतीतही असं घडू शकतं. पुढची खेप कधी येईल याची शाश्वती नसेल, तर केंद्र जास्त साठा मागून ठेवतं. मग एकीकडे लशीची मुदत संपते आणि दुसरीकडे तुटवडा पडतो. वरच्या भांडारात किती लस आहे हे दिसत असेल, तर साठवून ठेवायचं कारण उरत नाही. शिवाय एका केंद्रातला जादा साठा दुसऱ्या केंद्राला देता येतो.

कोविडमध्ये काय झालं?

१२ जानेवारी २०२१ रोजी पुण्यातून कोव्हिशील्डचे पहिले डोस देशभरात रवाना झाले. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं. कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लशी २ ते ८ अंश तापमानातच ठेवायच्या होत्या. त्यामुळे नेहमीच्या लसीकरणाची शीतसाखळी इथे कामी आली. ई-विनच्याच पायावर 'कोविन' उभारण्यात आलं. साठ्यासोबत नोंदणी, वेळेचा स्लॉट आणि प्रमाणपत्र या सोयी त्यात जोडल्या गेल्या.

ई-विनवर आधारित यंत्रणा इंडोनेशियानेही उभारली. तिथे ती 'स्माइल' या नावाने ओळखली जाते.

मर्यादा कोणत्या?

क्लाऊड फ्रिज थंड ठेवत नाही. फ्रिज बिघडला आहे, एवढंच तो सांगतो. रात्री २ वाजता आलेला एसएमएस कोणी पाहिलाच नाही, किंवा दुरुस्तीला माणूस आणि सुटे भाग मिळाले नाहीत, तर लस खराबच होणार.

दुसरी गोष्ट म्हणजे, तापमान आपोआप नोंदलं जातं. साठा मात्र माणूसच भरतो. तो आकडा चुकला, तर चुकीचा आकडाही तितक्याच वेगाने वरपर्यंत सगळ्यांना दिसतो. आणि वहीत लिहून पुन्हा अॅपमध्ये भरायचं, म्हणजे कर्मचाऱ्याचं काम वाढतं.

तिसरा धोका एकाच यंत्रणेवर अवलंबून राहण्याचा. ७ डिसेंबर २०२१ रोजी अमेरिकेत अॅमेझॉनच्या क्लाऊड सेवेत बिघाड झाला. तेव्हा अॅमेझॉनच्याच गोदामांतली आणि डिलिव्हरीची कामं खोळंबली होती, कारण तीही त्याच क्लाऊडवर चालत होती.

ई-विनमध्ये कागदी नोंदवही अजून ठेवलेली आहे. नेटवर्क गेलं किंवा सर्व्हर बंद पडला, तरी आज फ्रिजमध्ये किती बाटल्या आहेत हे त्या वहीतून कळतं आणि बाळाला घेऊन आलेल्या आईला रिकाम्या हाताने परत पाठवावं लागत नाही.