डॉक्टरचा दिवस कोण ठरवतं? : जामखेड, १९७०

सिनॉप्सिस कसा लिहायचा यावर मागे लिहिलं होतं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच: 'अमुक व्यक्तीचे जीवन व कार्य' असा विषय घेतला तर चालेल का? चालतो की. विद्यापीठाच्या कपाटात असे प्रबंध ढिगाने आहेत. पण मुलाखतीला समितीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "बरं, यात तुमचा प्रश्न काय?" आणि तिथं आपली बोबडी वळते. माझीही वळली होती. मी तेव्हा एका तालुक्यातल्या जुन्या दवाखान्यांवर काम करायचं म्हणत होते आणि माझ्याकडे नावं होती, सनावळ्या होत्या, प्रश्न मात्र नव्हता.

म्हणून आज एक उदाहरण घेऊ. एक डॉक्टर, किंवा खरं तर दोन डॉक्टर, एका लहानशा नव्या ठिकाणी जातात आणि तिथंच राहतात. यातून 'जीवन व कार्य' कसं होतं आणि संशोधन कसं होतं, ते बघा.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. लग्नानंतर त्यांनी नगर जिल्ह्यातच, वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काही वर्षं काढली होती. तिथं त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट अगदी साधी होती. हगवणीनं सुकलेलं मूल बरं करून घरी पाठवायचं आणि काही आठवड्यांनी तेच मूल त्याच आजारानं परत यायचं. घर तेच, पाणी तेच, तर दुसरं काय होणार? मग अमेरिकेत पुढचं शिक्षण, शेवटी जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास आणि तिथंच तयार केलेला एक आराखडा घेऊन ते परतले.

आता जामखेड डोळ्यांसमोर आणा. तालुक्याचं ठिकाण, पण त्या काळी बाजारपेठेचं मोठं गावच म्हणा ना. एका अंगाला बीड, दुसऱ्या अंगाला उस्मानाबाद. पर्जन्यछायेचा मुलूख, त्यामुळे पाऊस बेभरवशाचा. रेल्वे नाही. इतिहासाच्या पुस्तकात या तालुक्यातली दोन नावं तुम्ही वाचलेली असतात, खर्ड्याची लढाई आणि अहिल्याबाईंचं चौंडी. आजारपणाबद्दल त्या पुस्तकात काही नसतं. आरोळ्यांना कामाला जागा मिळाली ती गुरांच्या जुन्या दवाखान्याची.

इथपर्यंत 'जीवन' झालं. आता प्रश्न. मला सुचलेला प्रश्न असा: डॉक्टरचा दिवस कोण ठरवतं?

सोपा वाटतो, पण लावून बघा. डॉक्टर म्हणेल, मीच ठरवतो, सकाळी ओपीडी, दुपारी ऑपरेशन, संध्याकाळी राउंड. आरोळ्यांच्या आराखड्यातला दिवस वेगळा होता. त्यात प्रतिबंधाला आधी जागा होती: लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, लहान मुलांचा आहार. जामखेडच्या लोकांना मात्र डॉक्टर हवा होता तो सुई टोचणारा, अडलेली बाई सोडवणारा. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच आराखड्याच्या दिवसावर गावाच्या दिवसानं कुरघोडी केली. ओपीडी आणि शस्त्रक्रिया चालू ठेवाव्याच लागल्या. त्यातून विश्वास आला आणि रुग्णांच्या फीमधून गावोगावच्या कामाला पैसाही आला. बरं करण्याचं काम हे त्यांच्या लेखी पुढच्या कामाचं दार होतं.

संध्याकाळचं काय? संध्याकाळी ते आसपासच्या खेड्यांत जायचे. आणि तिथं जाऊन आरोग्यावर भाषण नाही, व्हॉलीबॉल! वाचताना मला आधी हसू आलं, ही तर पान भरायला घातलेली गंमत. नंतर लक्षात आलं की एका जाळ्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या जातींची तरुण मुलं उभी करायला त्या काळी दुसरा कुठलाच सोयीचा बहाणा नव्हता. खेळ संपल्यावर गप्पा, गप्पांतून ओळख आणि पुढे त्यातूनच शेतकरी मंडळं. सांगायचा मुद्दा, टिपणं काढताना असली वाक्यं गाळू नका. 'किरकोळ' म्हणून जे आपण सोडतो, तिथंच बऱ्याचदा धागा असतो.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, सुकडी आणि लाल मिलो अजून आठवत असेल. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. खडी फोडायला, बांधबंदिस्तीला, पाझर तलावाला. अशा वेळी डॉक्टर गावात जाऊन विचारतो, तुमची आरोग्याची गरज काय? गाव म्हणतं, पाणी आणि खायला. आजार यादीत फार खाली. तेव्हा या दोन डॉक्टरांचा दिवस पुन्हा बदलला. मुलांसाठी गावोगाव स्वयंपाक सुरू करायचा, बोअर घेण्याची सोय बघायची.

बोअरची हकीकत आरोळ्यांनीच सांगितलेली आहे. पाण्याच्या जागा दाखवायला तज्ज्ञ आला, तेव्हा त्याला दलित वस्तीच्या आतल्याच जागा बघायला सांगितलं. हापसा तिथं बसला की सगळ्या गावाला पाण्यासाठी तिथंच यावं लागणार. दुष्काळात तहान जातीपेक्षा मोठी होती, आणि डॉक्टरांनी तिचा उपयोग करून घेतला. हे धोरण होतं की धूर्तपणा, यावर वर्गात वाद घाला. माझं मत विचाराल तर दोन्ही, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण संशोधक म्हणून मला पुढचा प्रश्न पडतो: त्या वस्तीतल्या बायांना आपल्या दारात अख्खं गाव येऊन उभं राहिलं तेव्हा काय वाटलं? भांडणं झाली असतील का? हापशावर पहिला नंबर कुणाचा लागायचा? डॉक्टरांच्या हकिकतीत आपण दुरून, डॉक्टरांच्या उंचीवरून बघतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा बदल. मूळ आराखड्यात खेड्यातलं काम शिकलेल्या नर्सबाईंनी करायचं होतं. ते जमलं नाही. शहरात शिकलेली मुलगी एकटी खेड्यात राहायला तयार नसायची, आणि गेली तरी गावातल्या बाया तिचं ऐकायच्या नाहीत. मग गावानंच आपल्यातली एक बाई निवडायची असं ठरलं. निवडल्या गेलेल्या कित्येकजणी निरक्षर होत्या, बऱ्याचजणी दलित. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, रात्री मुक्काम करायच्या, एकत्र जेवायच्या, शिकायच्या आणि शिकलेलं गावात नेऊन पोचवायच्या. डॉक्टरचा दिवस आता वर्गात बसून शिकवण्यात, आणि त्याहून जास्त ऐकण्यात जाऊ लागला. कारण कुठल्या घरात बाळंतीण उपाशी आहे, कुठलं मूल वाळत चाललंय, हे आधी त्या बाईला कळायचं, डॉक्टरला नंतर.

म्हणजे ज्ञानाची दिशाच उलटली. आणि हे जगानं नोंदवलंही. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं केनेथ न्यूएल यांनी संपादित केलेलं पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण आहे. १९७८ ला अल्मा-आटाची प्राथमिक आरोग्यसेवेची परिषद झाली, १९७९ ला दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९४ मध्ये त्यांचं स्वतःचं 'जामखेड' हे इंग्रजी पुस्तक आलं.

आपली अडचण इथंच सुरू होते. ही साधनं बघा: डॉक्टरांनी लिहिलेलं पुस्तक, परदेशी वाचकांसाठी लिहिलेलं प्रकरण, देणगीदार संस्थांसाठीचे अहवाल. लिहिणारे प्रामाणिक होते, यात मला शंका नाही. स्वतःचा आराखडा फसला हे त्यांनी उघड लिहिलं, हे किती जण करतात? पण ज्यांनी तो आराखडा बदलायला लावला त्या बायांना लिहिता येत नव्हतं. त्यांचं म्हणणं आपल्यापर्यंत येतं ते डॉक्टरांच्या वाक्यात, तेही इंग्रजीत. मराठवाड्याच्या सीमेवरच्या बाईचं बोलणं इंग्रजीत जाऊन परत मराठीत आणताना काय काय गळतं, ते तुम्हाला सांगायला नको.

मग करायचं काय? एक, साधन बदलून बघा. १९७१ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावनिहाय यादी असते. शाळा, दवाखाना, पिण्याचं पाणी, रस्ता. कंटाळवाणे तक्ते, पण एखाद्या हकिकतीतलं गाव काढून त्या ओळीशी ताडून पाहिलंत की लेखकानं न सांगितलेलं काही दिसतं. दोन, आकड्याला प्रश्न विचारा. जामखेड प्रकल्पाच्या भागात सुरुवातीला बालमृत्युदर हजारी १७६ होता आणि नंतर तो झपाट्यानं खाली आला, हे सगळीकडे छापलेलं आहे. विचारा की मोजलं कुणी? जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, म्हणजे तेव्हा नुकताच आलेला. चार दिवसांचं मूल गेलं तर कागदावर चढायचंच असं नाही. घरोघर जाणारी बाई आली की आधी न मोजलेले मृत्यू मोजले जाऊ लागतात, म्हणजे काम चांगलं सुरू झालं की दर वाढलेला दिसायला हवा! तरीही तो घसरला, म्हणून त्या घसरणीला वजन आहे. फक्त 'कमी झाला' एवढंच लिहून पुढे गेलात तर हे वजन हातचं जाईल.

तीन, मुलाखती. इथं मी माती खाल्ली ते सांगते, म्हणजे तुम्ही खाणार नाही. माझ्या विषयातल्या एका निवृत्त आयाबाईंना मी तासभर विचारत बसले, डॉक्टरसाहेब कसे होते, किती वाजता यायचे. त्या "चांगले होते" एवढंच म्हणत राहिल्या. रेकॉर्डर बंद केला, चहा आला, आणि मी सहज विचारलं, "मावशी, तुम्ही घरून कितीला निघायच्या?" पुढची चाळीस मिनिटं त्या बोलत होत्या. पाणी कुठून भरायच्या, दवाखाना कोण उघडायचं, साहेब नसताना बाळंतपण कुणी केलं. आणि रेकॉर्डर बंद. घरी येऊन आठवेल तसं वहीत उतरवलं, तारीख-वेळ घालून. गाइडनं ती वही वाचली आणि सिनॉप्सिसच्या शीर्षकातलं डॉक्टरांचं नाव पेन्सिलीनं खोडलं.