स्पिती खोऱ्यातील बौद्ध मठ व कला

स्पिती हे भारताच्या हिमाचल प्रदेश राज्यातील लाहौल व स्पिती जिल्ह्यात, तिबेटच्या सीमेलगत वसलेले उंच व शुष्क खोरे आहे. काझा हे येथील मुख्य ठिकाण असून स्पिती नदी पुढे किन्नौरमधील खाब येथे सतलजला मिळते. हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. येथील मातीच्या इमारती व भित्तिचित्रे सहस्रकभर टिकून राहिली, याचे एक कारण हे कोरडे हवामान होय.

इतिहास

दहाव्या शतकाच्या अखेरीस स्पिती हा पश्चिम तिबेटमधील पुरंग-गुगे राज्याचा भाग होता. येशे-ओ या राजाने बौद्ध धर्माच्या पुनरुज्जीवनाचे कार्य हाती घेतले आणि रिन्चेन झांगपो (९५८–१०५५) याला अध्ययनासाठी काश्मीरला पाठविले. तो थोर भाषांतरकार म्हणून ओळखला जातो. स्पितीतील जवळजवळ प्रत्येक जुन्या मंदिराचे श्रेय स्थानिक परंपरा त्यालाच देते. ते सर्व शब्दशः घेण्याचे कारण नाही.

पुढे खोऱ्यावर लडाखचे वर्चस्व आले. १८४१ मध्ये डोगरा सैन्याने येथे लूटमार केली. १८४६ मध्ये पहिल्या इंग्रज-शीख युद्धानंतर स्पिती ब्रिटिशांकडे गेले, तरी स्थानिक कारभार ‘नोनो’ या वंशपरंपरागत प्रमुखाकडेच राहिला. १९६० मध्ये पंजाब राज्यात लाहौल व स्पिती जिल्हा निर्माण झाला आणि १९६६ मध्ये तो हिमाचल प्रदेशात समाविष्ट झाला.

ताबो

ताबो मठाची स्थापना इ.स. ९९६ मध्ये येशे-ओने केली. सेहेचाळीस वर्षांनी त्याचा नातू-पुतण्या जांगचुब-ओ याने मठाचा जीर्णोद्धार केला. ही माहिती मुख्य मंदिराच्या भिंतीवर शाईने लिहिलेल्या लेखात आहे. बाहेरून मंदिरे मातीच्या ढिगाऱ्यांसारखी, जवळजवळ अनाकर्षक दिसतात. आतील सभामंडपात मात्र चतुर्विध वैरोचनाच्या मूर्तीभोवती ३२ मृण्मय देवता भिंतींना जडविलेल्या आहेत. जमिनीपासून उंचावर असल्याने त्या अधांतरी बसल्याचा भास होतो. सर्व मिळून वज्रधातु मंडल साकारते, म्हणजेच येथे भक्त मंडलाच्या आतच उभा असतो. मूर्तींच्या खाली सुधनाची तीर्थयात्रा आणि बुद्धचरित्र चित्रित असून शैलीवर काश्मिरी कलेचा स्पष्ट प्रभाव आहे. प्रवेशमंडपातील चित्रांत येशे-ओ व त्याचे दोन पुत्र नावांनिशी दाखविले आहेत. त्या काळातील व्यक्ती ओळखता येणे हे हिमालयीन कलेत दुर्मीळ आहे.

इटालियन विद्वान जुझेप्पे तुच्ची यांनी १९३३ मध्ये या मठाचा अभ्यास केला. १९ जानेवारी १९७५ च्या किन्नौर भूकंपात मठाची हानी झाली. त्यानंतर नित्य उपासनेसाठी शेजारी नवे मंदिर बांधण्यात आले. दलाई लामांनी येथे १९८३ व १९९६ मध्ये कालचक्र दीक्षा दिली.

अन्य स्थळे

स्पिती व पिन नद्यांच्या संगमावरील ढासळत्या कड्यावर असलेले धनकर हे खोऱ्याची जुनी राजधानी होते. २००६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने ते जगातील अत्यंत संकटग्रस्त १०० स्थळांच्या यादीत घेतले. काझाजवळील की हा गेलुग पंथाचा मठ स्पितीतील सर्वांत मोठा आहे, तर पिन खोऱ्यातील कुंगरी निंग्मा पंथाचा आणि कोमिक साक्य पंथाचा आहे. लालुंग येथील सुवर्णमंदिरातील मूर्ती ताबोच्या परंपरेतील आहेत. ग्यू या सीमेजवळील गावात सुमारे ५०० वर्षांपूर्वीच्या एका भिक्षूचा बसलेल्या स्थितीतील शुष्क देह जतन केलेला आहे.

जतन

मातीची सपाट छपरे बर्फ झाडून काढण्याच्या सवयीवर टिकतात; पावसाला ती तोंड देऊ शकत नाहीत. पाणी झिरपले की चित्रांवर चिखलाचे ओघळ उतरतात व रंगथर सुटतात. सिमेंटचा लेप हा सोपा वाटणारा उपाय भिंतीतील ओलावा आतच कोंडतो, त्यामुळे जाणकार पारंपरिक मातीचाच आग्रह धरतात. ताबोचे जुने संकुल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे.